अठ्ठावीस अंश

गोरक्षभाऊ देवरे यांच्या डोळ्यांतच काटकोन तपासायचा गुणिया बसवलेला आहे, असं सातपूरच्या कारखान्यात चौतीस वर्षं म्हटलं जाई. भिंतीवरचं कॅलेंडर अर्धं बोट कललेलं असलं तरी त्यांना घास गोड लागत नसे. कुणाच्या घरी गेले तर आधी तसबिरी सरळ करणार, मग पाण्याचा तांब्या उचलणार. त्यांच्या पत्नी चांगुणाबाई आल्यागेल्याला सांगतात, "मला बघायला आले तवा माझ्याकडं बघतच नव्हते. दाराची चौकट न्याहाळत होते. ती ओळंब्यात नव्हती म्हणून यांनी तोंड वाकडं केलं, आन माझ्या वडलांना वाटलं, पोरगी नापसंत."

कळवणजवळच्या खेड्यातून सतराव्या वर्षी ते नाशिकला आले, आयटीआयमध्ये फिटरचं शिक्षण घेतलं आणि सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे घडवायच्या खात्यात, लागले ते तिथूनच निवृत्त झाले. त्यांच्याकडे जिग करायचं काम असे. जिग म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा लोखंडी साचा. तो तुकड्यावर चढवला की नवख्या माणसानं मारलं तरी भोक नेमक्या जागी, नेमक्या कोनात पडतं.

त्या टूलरूमचा एक अलिखित नेम होता आणि तो गोरक्षभाऊंनीच पाडलेला. शिकाऊ माणसाची पहिली चूक साहेबांपर्यंत जाऊ द्यायची नाही. तुकडा बिघडला तर जुन्या माणसानं तो स्वतःच्या नावावर घ्यायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत त्या शिकाऊला बाजूला घेऊन कानात सांगायचं, बाबा रे, तुझं अमुक चुकलं. टूलरूममध्ये पहिल्यांदाच एक मुलगी शिकाऊ म्हणून आली, वैष्णवी नावाची. आठव्याच दिवशी तिचं भोक अडीच अंशांनी कललं. साहेब तुकडा हातात घेऊन उभे राहिले तसे गोरक्षभाऊ म्हणाले, "माझा हाय तो. चष्म्याचा नंबर वाढलाय." मग चहाच्या टपरीवर तिला म्हणाले, "बाई, व्हाइसची पकड आवळली की तुकडा एका अंगानं उचलतो. वरनं हलकी हातोडी मारून बसवायचा, मंग परत बघायचं." वैष्णवी आता पुण्याला स्वतः टूलरूम सांभाळते. दिवाळीला तिचा फोन येतो.

एवढा नेमका माणूस, पण स्वतःच्या तोंडाची हेळसांड करण्यात त्यांनी कसर ठेवली नाही. तीस वर्षं तंबाखूची गोळी डाव्या गालात. पन्नाशीनंतर डावीकडचे वरचे मागचे दात एकेक करून हलले आणि गेले. मग आली काढती-घालती कवळी. निवृत्तीनंतर दर शनिवारी ते सातपूरच्याच एका प्रशिक्षण केंद्रात पोरापोरींना मोजमाप शिकवायला जाऊ लागले होते. शनिवार उजाडला की सकाळपासून घरात त्यांची लगबग. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, चांगुणाबाईंना उगाच दहा सूचना.

एका शनिवारी मायक्रोमीटर कसा वाचायचा ते सांगताना "शून्य शून्य पाच" म्हणता म्हणता कवळी सुटली आणि समोरच्या, मापं घ्यायच्या काळ्या दगडी सरफेस प्लेटवर टक्कन पडली. वीस पोरं-पोरी समोर. कुणी हसलं नाही. एका मुलीनं तर नजर वहीत घातली. गोरक्षभाऊंनी कवळी उचलली, रुमालात गुंडाळली, उरलेला तास फळ्यावर आकृत्या काढून निभावला आणि पुढच्या शनिवारी अंगात कणकण आहे म्हणून कळवलं. त्याच्या पुढच्या शनिवारी गुडघा दुखत होता.

"पोरं हसली असती तर बरं झालं असतं," ते एवढंच चांगुणाबाईंना म्हणाले.

चांगुणाबाईंनी मग वाट पाहिली नाही. इंदिरानगरात, घरापासून दहा मिनिटांवर, एक दाताचा नवीन दवाखाना निघाला होता. डॉक्टर अरफा सय्यद. तिशीच्या पुढची मुलगी, हळू बोलणारी, मास्कच्या वर दोन शांत डोळे. तिनं तपासलं, फोटो काढले आणि समोर बसवून सांगितलं, "काका, इम्प्लांट करता येईल. हाडात दोन स्क्रू बसवू आणि त्यावर तीन दातांचा पक्का ब्रिज. पण एक नीट ऐका. तुमचं वरचं हाड मागच्या बाजूला पातळ झालंय. ही जागा एकदाच मिळणारी आहे. हे स्क्रू गेले तर दुसऱ्यांदा बसवायला हाड उरेल याची मी खात्री देत नाही. मग परत कवळी."

परत कवळी, हे दोन शब्द गोरक्षभाऊंच्या काळजात जाऊन बसले. पुढे डॉक्टर स्क्रीनवर बरंच काही दाखवत होत्या. रेघा, आकडे, कवटीचे तुकडे. पण गोरक्षभाऊंचं लक्ष केव्हाच शेजारच्या मशीनकडे गेलेलं.

"मॅडम, ह्याला आरपीएम किती?"

"आठशेच्या आसपास."

"आन कुलंट?"

"थंड सलाइन. हाड तापलं तर मरतं, काका. म्हणून पाणी सोडत सोडत भोक घ्यायचं."

गोरक्षभाऊ प्रसन्न झाले. ज्या घरात ड्रिलवर पाणी सोडायची अक्कल आहे तिथं जबडा द्यायला हरकत नाही. "सही कुठं करू?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, आधी वाचा. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि सही केली.

डॉक्टरांची अट होती, तीन महिने तंबाखू बंद, तरच हात लावेन. तीस वर्षांत बायकोला, मुलाला, देवाला जे जमलं नव्हतं ते त्या मुलीला जमलं. डबी गेली ती गेलीच. ऑपरेशन झालं, हाडानं स्क्रू धरेपर्यंत चार महिने गेले, मग ब्रिज चढला. महिनाभरानं डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक होतं. एक छोटासा ब्रश देऊन त्यांनी ब्रिजच्या खालून तो कसा फिरवायचा ते आरशात दाखवलं. "रोज, काका. आणि दर सहा महिन्यांनी मला दाखवायचं." जाताना एका सेंटरवरून जबड्याचा मोठा एक्स-रे काढून न्यायला सांगितला. त्याची प्रत डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर गेली आणि फिल्मचं पाकीट गोरक्षभाऊंबरोबर घरी आलं.

घरी आल्यावर त्यांनी ती फिल्म खिडकीच्या काचेला लावली.

पुढचा स्क्रू ओळंब्यासारखा उभा. आणि मागचा? मागचा मोडक्या कुंपणाच्या खांबासारखा रेललेला. गोरक्षभाऊंनी चष्मा पुसला. परत पाहिलं. मग कपाटातून आपला जुना बेव्हल प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोन मोजायचं हत्यार, काढून फिल्मवर ठेवलं. अठ्ठावीस अंश.

ते पलंगावर टेकले. पोरीचा हात घसरला, हे त्यांच्या मनानं तिथंच ठरवून टाकलं. त्यांना राग आला नाही, हे सांगितलं पाहिजे. दुसरा कुणी असता तर भांडायला गेला असता. गोरक्षभाऊंच्या डोळ्यांपुढे ती हळू बोलणारी मुलगी आली, आणि आपण तिच्या टेबलावर फिल्म आपटतोय, बाहेरच्या बाकावरचे पेशंट कान टवकारतायत, असं चित्र आलं. त्यांना ते सोसेना.

दुसऱ्या दिवशी ते सातपूरला हारुनभाईच्या वर्कशॉपमध्ये गेले. हारुनभाई त्यांच्याबरोबरच कारखान्यात ड्रिलवर होता. आता स्वतःच्या दोन मशीन टाकून बसलेला. त्यानं फिल्म ट्यूबलाइटपुढे धरली आणि मान तिरकी केली, मग फिल्म तिरकी केली.

"अरे गोरखभाऊ, हे काय रे? बांधकामाचं पायाड बांधलंय का तोंडात?"

"हळू बोल."

"कोण ऐकतंय? तुझे दात?" हारुनभाईनं फिल्म खाली घेतली. "जा ना मग. सांग तिला."

"काय सांगू? नवीन दवाखाना हाय. भिंतीचा रंग वाळला नाय अजून. हे बाहेर गेलं तर कोण पायरी चढंल तिची?"

"म्हंजे तोंड तुझं, भोक तिचं, आणि काळजी बी तिचीच?"

"पहिलीच चूक असंल रे."

"मग एक काम कर. तिला एक जिग बनवून दे. पुढच्या गिऱ्हाइकाचं तरी भलं व्हईल."

गोरक्षभाऊ हसले, पण मनात त्यांचा हिशोब पक्का झालेला होता. तुकडा वाकडा बसलाय तर त्यावर लोड द्यायचा नाही. बाजूनं धक्का द्यायचा नाही. जेवढं कमी हात लावाल तेवढा जास्त टिकेल. लोखंडाच्या बाबतीत हे खरंच आहे. म्हणून त्यांनी डावीकडून चावणं बंद केलं. तो छोटा ब्रश बाजूनं आत ढकलावा लागे, तेव्हा त्याचं पाकीट त्यांनी फोडलंसुद्धा नाही. बाकीचे दात घासायचे आणि डावीकडे मिठाच्या पाण्याची चूळ फिरवायची, एवढंच. सहा महिने झाले, दवाखान्यातून फोन आला, काका, तपासायला या. गोरक्षभाऊ घराच्या गॅलरीत उभं राहून म्हणाले, "मी गावाला आलोय कळवणला. कांदे काढायचे हायेत." पुढच्या फोनला मका होता. तपासायला गेलो तर तिला आपली चूक दिसणार, तिचं तोंड उतरणार. त्यापेक्षा आपण सांभाळून घेऊ.

आणि दिसायला सगळं छानच चाललं होतं. शनिवारचे तास परत सुरू झाले होते. "शून्य शून्य पाच" आता असं खणखणीत निघे की शेजारच्या वर्गातली पोरं वळून बघत. एकदा घरी येऊन त्यांनी चांगुणाबाईंना सांगितलं की आज दीड तास बोललो, पाणीसुद्धा प्यालो नाही. चांगुणाबाई म्हणाल्या, "आम्ही पस्तीस वर्षं ऐकतोय, आता त्यांना ऐकू द्या."

असे चौदा महिने गेले.

चांगुणाबाईंना आधी उशीच्या अभ्र्यावर तांबूस ठिपका दिसला. मग दोन दिवसांनी आणखी एक. मग त्यांच्या लक्षात आलं की नवरा हल्ली बोलताना तोंडापुढे हात धरतो. जवळ गेलं की वास येतो. त्या मोरीजवळच्या फळीपाशी गेल्या, तिथलं पाकीट उचललं आणि ते घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"ब्रश हाय."

"ते दिसतंय मला. हे उघडलं का नाय?"

मग सगळं बाहेर आलं. फिल्म, अठ्ठावीस अंश, हारुनभाई, कळवणचे कांदे. चांगुणाबाई उभ्यानंच ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर पलंगाच्या कडेला बसल्या.

"म्हंजे चवदा महिने धुतलंच नाय ते? अहो, मोरीचं तोंड बी आपण रोज घासतो."

"धक्का बसू नये म्हणून..."

"आन त्या वैष्णवीला तुम्ही कानात सांगितलं होतं ना? काय चुकलं, कसं चुकलं?"

"सांगितलं होतं."

"मंग हिला का नाय सांगितलं?"

"ती डॉक्टर हाय. तिला मी काय सांगणार?"

"पांघरूण घातलं, पण जिच्यावर घातलं तिला पत्ताच नाय." चांगुणाबाईंचा आवाज चढला नाही, हेच गोरक्षभाऊंना जड गेलं. "तुमचाच नेम, तोबी अर्धाच पाळला. उठा. उद्या सकाळी जायचं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अरफांनी चौदा महिन्यांबद्दल एक शब्द काढला नाही. खुर्ची मागे झुकवली, एक बारीक बोथट सळी हिरडीच्या कडेनं हलकेच फिरवली. सळी लाल होऊन बाहेर आली. त्यांनी तिथल्या तिथं छोटा एक्स-रे घेतला आणि स्क्रीन गोरक्षभाऊंकडे वळवली.

"काका, तुम्हाला स्क्रूचे आटे कळतात. हाडाच्या बाहेर किती उघडे पडलेत, मोजा बरं."

गोरक्षभाऊंनी मोजले. पाच. आणि दुसऱ्याचे दोन. ते पुढे वाकले. पाच आटे उघडे पडले होते ते उभ्या स्क्रूचे. वाकड्याचे फक्त दोन.

"मॅडम, फोटो उलटा तर लागला नाय ना?"

"नाही. असं का वाटलं?"

गोरक्षभाऊंनी चांगुणाबाईंकडे पाहिलं, चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे, आणि मग त्याच बोलल्या. प्रोट्रॅक्टरपासून कांद्यापर्यंत काही ठेवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुमचा हात घसरला असं वाटलं त्यांना. तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून आले नाय. मनानं वाईट नाय हो, पण डोकं लोखंडाचं हाय."

डॉक्टरांनी मास्क काढला. गोरक्षभाऊंनी त्यांचा पुरा चेहरा तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. त्यावर हसू नव्हतं.

"तुम्हाला वाटलं माझं चुकलं, आणि तुम्ही माझ्यासाठी वर्षभर गप्प बसलात."

"नवीन हाय तुम्ही, म्हणून..."

"दवाखाना नवीन आहे, काका. मी हे काम नऊ वर्षं करतेय."

त्या उठल्या, मागच्या कपाटातून एक चपटा डबा काढला. वर गोरक्षभाऊंचं नाव. आत त्यांच्याच जबड्याचा पांढरा साचा आणि त्यावर नेमका बसणारा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा. त्या तुकड्याला दोन भोकं, भोकांत धातूच्या दोन नळ्या. एक उभी, एक कललेली. गोरक्षभाऊंनी तो हातात घेतला, उलटा केला, नळीत करंगळीचं नख घालून पाहिलं.

"हे तर जिग हाय," ते हळूच म्हणाले.

"हो. ऑपरेशनच्या आधी करून घेतला होता. ऑपरेशनच्या दिवशी तुमच्यासमोरच ट्रेमध्ये होता."

त्यांना आठवलं. ट्रेमध्ये काहीतरी काचेसारखं होतं खरं. पण तेव्हा ते मोटरकडे बघत होते.

डॉक्टरांनी स्क्रीनवर जुना आराखडा उघडला. ऑपरेशनच्या तीन महिने आधीची तारीख. मागच्या स्क्रूपाशी आकडा, तीस अंश.

"म्या तर अठ्ठावीस मोजले," गोरक्षभाऊंच्या तोंडून गेलं.

"जबडा गोल असतो आणि फिल्म चपटी. तुम्ही सावली मोजलीत." आता मात्र त्या थोड्या हसल्या. मग बोटानं दाखवत म्हणाल्या, "हे बघा. इथं वर हवेची पोकळी आहे, सायनस. मागचा स्क्रू उभा घातला असता तर एक तर त्या पोकळीत घुसला असता, नाहीतर अगदी आखूड घ्यावा लागला असता. कलता घेतला म्हणून लांब बसला, आणि त्याचं टोक पुढच्या घट्ट हाडात रुतलं. वर तिरका जोड लावून दात उभा केला. मी तुम्हाला हे सगळं सांगितलं होतं."

"सांगितलं असंल," गोरक्षभाऊ म्हणाले. "मी आरपीएम विचारत होतो."

"कलता बसवला म्हणून हाड जास्त झिजतं असं नाही, काका. वर्षानुवर्षं लोकांनी मापं घेतलीत, नीट बसवलेल्या उभ्यात आणि कलत्यात फारसा फरक सापडत नाही. हाड खाते ती हिरडीखाली साचलेली घाण. ती कोन बघत नाही. पुढे जास्त साचली, पुढचं जास्त गेलं."

"पण मी लोड तर दिलाच नव्हता."

"लोखंड वापरलं नाही तर झिजत नाही. हे जिवंत आहे. याला रोज साफ ठेवायचं असतं आणि रीतसर वापरायचं असतं."

गोरक्षभाऊंच्या हातात अजून तो तुकडा होता. आयुष्यभर शेकडो जिग केले. स्वतःच्या हाडासाठी कुणी तरी एक केला होता आणि आपल्याला तो ओळखता आला नाही. त्यांनी तो डब्यात ठेवला, झाकण लावलं.

"हाड परत येतं का, मॅडम?"

"गेलेलं बहुतेक येत नाही. उरलेलं धरून ठेवायचं. हिरडी उघडून आटे साफ करावे लागतील. मागचा वाचेल असं मला वाटतं. पुढच्याचं आज सांगता येणार नाही." त्यांनी हातमोजे काढले. "एक सांगू? तुम्ही येऊन भांडला असतात तरी चाललं असतं. मला दोन मिनिटांत उत्तर देता आलं असतं. तुम्ही मला विचारलंच नाही. मला जमलं नसणार, हे तुम्ही गृहीत धरलंत आणि वर माझ्यावर दया केलीत."

गोरक्षभाऊंना टूलरूममधला तो तुकडा आठवला. वैष्णवीच्या वेळी तुकडा खरंच बिघडला होता, त्यांनी तो हातात घेऊन तपासला होता. इथं त्यांनी एक सावली पाहिली, काम करणारी कोण, वय काय, हे पाहिलं आणि निकाल दिला. पुरुष डॉक्टर असता, केस पिकलेला असता, तर आपण विचारलं असतं का? विचारलं असतं, असं त्यांच्या मनानं प्रामाणिकपणे सांगितलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "दुसरं काय सांगू."

"रोज ब्रश करा. बाकी मी बघते," डॉक्टर म्हणाल्या आणि मास्क वर चढवला.

त्या आठवड्यात ब्रिज खोलला, हिरडी उघडून साफसफाई झाली, टाके पडले. दोन आठवडे गोरक्षभाऊ पातळ खिचडीवर होते. शनिवारच्या तासाला त्यांनी कळवलं, पण या वेळी कणकण नाही की गुडघा नाही; हिरडीचं ऑपरेशन झालंय, दोन शनिवार येणार नाही, असं स्वच्छ सांगितलं. टाके निघाल्यावर पाकीट फुटलं. पहिल्या दिवशी ते आरशासमोर उभे राहिले. ब्रश ब्रिजच्या खाली शिरला, थोडं रक्त आलं, आणि त्यांनी हात ओढून घेतला. चांगुणाबाई पाठीमागे उभ्या होत्या.

"ड्रिलच्या खाचेतला कीस काढता तसं काढा की. तिथं बरा हात मागं येत नव्हता."

"तिथं दुखत नव्हतं."

"दुखू द्या जरा."

आठवड्याभरात रक्त कमी झालं. महिन्यानं थांबलं. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा. दोन्ही वेळा अगदी पाच-पाच मिनिटं. डावीकडून चावणं सुरू झालं ते आधी पोळी, मग भाकरी, मग एक दिवस भाजलेल्या शेंगा. हारुनभाईनं ऐकल्यावर तो म्हणाला, "म्हंजे पोरीकडं जिग होताच? आपण दोघं गाढव, भाऊ. मी जास्त. मी तर मान तिरकी करून बघितलं."

तीन महिन्यांनी एकदा तपासणी झाली. नंतर सहा महिन्यांची आली. या वेळी फोन यायच्या आधीच गोरक्षभाऊ बाकावर जाऊन बसले होते, चांगुणाबाई शेजारी.

डॉक्टरांची सळी परत हिरडीच्या कडेनं फिरली. त्या मदतनीस मुलीला खोलीचे मिलिमीटर सांगत होत्या, "तीन, तीन, चार... पुढे चार, तीन... रक्त नाही." दर आकड्याला गोरक्षभाऊंची खुर्चीच्या हातावरची बोटं आवळत होती. मग एक्स-रे आला. डॉक्टर बोलायच्या आतच ते उठून बसले आणि स्क्रीनकडे वाकले. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि मागे एक, दोन.

"तेवढेच हायेत," ते म्हणाले.

"तेवढेच आहेत. सहा महिन्यांत एकही वाढला नाही."

चांगुणाबाईंनी पदरानं चेहरा पुसला. एसी चालू होता, घाम नव्हता. गोरक्षभाऊ मात्र अजून स्क्रीनकडेच पाहत होते.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा ना."

"समजा पुढचा गेलाच कधी. तर मागचा एकटा ब्रिज धरंल का?"

डॉक्टरांनी स्टूल जवळ ओढलं आणि त्यांच्यासमोर बसल्या. "एकटा नाही धरणार, काका. मग दुसरा मार्ग काढावा लागेल, आणि तो सोपा नसेल. पण आज तो हलत नाहीये. पाच आटे उघडे आहेत, उरलेले सगळे हाडात आहेत. त्याला असंच सांभाळलं तर वर्षानुवर्षं राहील. किती, ते मी छातीठोक सांगणार नाही."

"बरं," गोरक्षभाऊ म्हणाले. त्यांना वाटलं होतं, असं उत्तर ऐकलं की भीती वाटेल. वाटली नाही. आपलं तोंड कुठे धड आहे, कुठे नाही, हे निदान त्यांना आणि डॉक्टरांना सारखंच ठाऊक होतं.

बाहेर काउंटरवरच्या मुलीनं पुढची तारीख काढली. "एप्रिलचा दुसरा शुक्रवार चालेल, काका?"

"अहो, तवा कळवणला भाचीचं लग्न हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "हळदीला जावं लागंल ना. मे मधली घ्या."

"हळदीला तू जा," गोरक्षभाऊ म्हणाले. "मी इथं दाखवून संध्याकाळच्या बसनं येतो. शुक्रवारच लिहा, बाई."

मुलीनं शुक्रवार लिहिला.